मोठ्या शिकारी माशांचं खाणं: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी

"मन्हा ऑस्कर काही खातच नही ना भो!"

मे महिन्यात असा एखादा तरी फोन मला येतोच. कधी जळगावहून, कधी चोपड्याहून, एकदा तर थेट नवापूरहून. विचारपूस केली की गोष्ट तीच निघते. मासा दीड-दोन वर्षं फक्त जिवंत गोल्डफिशवर वाढवलेला असतो. उन्हाळ्यात दुकानात फीडर मासे (खाऊ घालायला विकले जाणारे छोटे जिवंत मासे) येणं थांबतं, कारण ४४ अंशांत पिशवीतून प्रवास करून ते इथवर पोचेपर्यंत निम्मे उलटे पडलेले असतात. मग मालक घाईघाईने पेलेटचं पाकीट आणतो. मासा एक दाणा तोंडात घेतो, थुंकतो आणि कोपऱ्यात जाऊन रुसून बसतो.

मुंबई-पुण्यात एका दुकानात नाही मिळालं तर दुसऱ्यात मिळतं. आपल्याकडे तसं नाही. भुसावळला आज मिळालेली वस्तू पुढच्या महिन्यात मिळेलच याची खात्री नसते. म्हणून माझ्या लेखी माशाला चार तऱ्हेचं खायला शिकवणं हा चोचला नाही, ती सोय आहे. चार पदार्थ ओळखणारा मासा एक पदार्थ बंद झाला म्हणून उपाशी राहत नाही. शिवाय एकाच अन्नातून सगळी जीवनसत्त्वं मिळत नाहीत, हे तर आहेच.

आधी माशाचं तोंड बघा

खायला काय घालायचं हे दुकानदाराला विचारण्याआधी माशाच्या तोंडाकडे नीट बघा. सिल्व्हर अरोवानाचं तोंड वरच्या बाजूला उघडतं. अमेझॉनच्या खोऱ्यात तो पाण्यावर पडलेले किडे, कोळी टिपतो, वेळप्रसंगी पाण्याबाहेर झेप घेऊन फांदीवरचा किडाही उचलतो. त्याला तरंगणारं अन्न लागतं आणि टँकला पक्कं झाकण लागतं. ऑस्कर मधल्या थरात फिरतो. निसर्गात तो किडे, झिंगे, छोटे मासे आणि थोडीफार फळंही खातो. रेड टेल कॅटफिश तळाशी वासावर अन्न शोधतो, बहुतेक अंधार पडल्यावर. त्याला दिवसा तरंगणारे दाणे टाकून "खात नाही" म्हणण्यात अर्थ नाही. (खरं तर घरच्या टँकसाठी रेड टेल घेऊच नये. बोटाएवढं गोंडस पिल्लू पुढे मीटरभराचं होतं. पण घेतलाच असेल तर पुढे वाचा.)

एक फसगत इथेच सांगून टाकतो. दुकानात "पिरान्हा" म्हणून जे लाल पोटाचं पिल्लू मिळतं, ते पुष्कळदा रूपचंद असतं, म्हणजे पाकूच्या जातीतलं. बाजारात खायला मिळतो तोच. त्याचे दात बघाल तर माणसाच्या दाढांसारखे सपाट दिसतील, कारण तो मुळात फळं आणि बिया फोडून खाणारा मासा आहे. त्याला रोज मांस घालणं म्हणजे गाईला मटण घालण्यासारखं आहे. रावेर-यावल भागात तर त्याची चैनच आहे: पिकल्या केळ्याची चकती, पेरूचा तुकडा, उकडलेले मटार. पाण्यात उरलेलं केळं मात्र अर्ध्या तासात काढा, नाहीतर पाणी नासतं.

पायाभरणी पेलेटची

नवीन माणसाला हे ऐकून थोडं निराश व्हायला होतं. शिकारी मासा घेतला आणि घालायचे काय, तर गोळ्या! पण चांगल्या पेलेटमध्ये जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात आणि त्यातून रोग येत नाहीत. माझ्याकडे आठवड्याच्या खाण्यात निम्म्याहून जास्त वाटा पेलेटचाच असतो.

पाकीट उलटं करून वाचा. घटकांच्या यादीत पहिलं नाव माशाच्या भुकटीचं किंवा आख्ख्या माशाचं, झिंग्याचं असावं. गव्हाचं पीठ किंवा सोया सर्वांत वर असेल तर ते पाकीट परत ठेवा. प्रथिनं ४० ते ५० टक्के असावीत. दाण्याचा आकार माशाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. तारीख बघा आणि लहान पाकीट घ्या. पाच किलोची पिशवी स्वस्त पडते खरी, पण उघडल्यापासून तिच्यातलं 'क' जीवनसत्त्व उडू लागतं आणि तेलाला खवट वास येतो. आपल्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं पाकीट तर महिन्याभरात वाया जातं. मी पाकीट आणलं की महिन्यापुरतं घट्ट झाकणाच्या बरणीत काढतो, बाकीचं फ्रीजमध्ये ठेवतो.

बाजारातली खरेदी

आता खरी मजा. तापी, गिरणा, हतनूर धरण, नंदुरबारकडे उकाईचं बॅकवॉटर यामुळे आपल्या बाजारात गोड्या पाण्याचे ताजे मासे मिळतात. त्यातला तुमच्या कामाचा मासा म्हणजे चिलापी. स्वस्त असते, बारमाही मिळते आणि तिच्यात एक दोष नाही, जो गोल्डफिशमध्ये आणि सायप्रिनसमध्ये, म्हणजे कॉमन कार्पमध्ये, आहे. या दोघांच्या मांसात थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते 'ब१' जीवनसत्त्व मोडून टाकतं. सतत तेच खाणाऱ्या माशाला 'ब१' कमी पडतं, भूक मंदावते, तोल जातो, पुढे झटके येतात. फ्रीजरमध्ये ठेवल्याने हे विकर मरत नाही, शिजवल्याने मरतं. रोज दोन गोल्डफिश टाकणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

चिलापी घेताना डोळे चकचकीत आणि कल्ले लाल बघा. खवले, आतडी आणि पाठीचे, पोटाचे टोकदार काटे काढा. तुमचा पाळलेला मासा लहान असेल तर मांसाच्या पट्ट्या करा, मोठा असेल तर मधल्या काट्यासकट तुकडे चालतात, कारण त्यातून कॅल्शियम मिळतं. शिंगटी मात्र कधीच घालू नका. तिच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे ताठ उभे राहून अडकतात. गिळताना मासा अडकला की तो आतही जात नाही आणि बाहेरही येत नाही.

झिंगे सालीसकट घाला. सोललेले पांढरे झिंगे दिसायला छान, पण रंग खुलवणारं द्रव्य सालीत असतं आणि साल पोटही साफ ठेवते. ऑस्करचा लाल रंग फिका पडला म्हणून महागडं औषध आणणाऱ्यांनी आधी महिनाभर सालीचे झिंगे घालून बघावेत. मोठ्या झिंग्याच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो, तेवढा कात्रीने उडवा. कच्च्या झिंग्यातही थायमिनेज असू शकतं, म्हणून आठवड्यातून दोनदा पुरे.

बाजारातून आणलेलं काहीही थेट टँकमध्ये टाकू नका. धुऊन, एका वेळेपुरत्या पुड्या करून, फ्रीजरमध्ये किमान आठवडाभर ठेवा. अगदी थंड फ्रीजरमध्ये, उणे २० अंशांच्या आसपास, बहुतेक कृमी त्यात मरतात. जंतू सगळे मरत नाहीत, म्हणून मुळात ताजाच माल घ्या. घालण्याआधी पुडी वाटीभर थंड पाण्यात सोडा, वितळलेलं पाणी फेकून द्या आणि मगच तुकडे टाका. लाइट गेल्यामुळे पुडी विरघळली तर ती परत गोठवायची नाही, त्याच दिवशी वापरायची किंवा टाकून द्यायची. दोन-तीन महिन्यांहून जुनी पुडीही नको.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर फ्रीजरचा प्रश्न पेलेटपेक्षा मोठा असतो. आमच्याकडे तो असा सुटला: घट्ट झाकणाचा एक डबा, त्याला आईने बांधलेला लाल दोरा, आणि "हा डबा माझ्या आइस्क्रीमशेजारी दिसला तर मासा आणि तू दोघंही अंगणात" अशी समज. डबा आजही तळाशी असतो.

गांडुळं आणि किडे

गांडूळ हे ऑस्कर आणि कॅटफिश दोघांचंही आवडतं खाणं आहे, आणि नवीन, बुजलेल्या माशाला तोंड उघडायला लावण्यात त्याच्याइतकं कामाचं काही नाही. आपल्या भागात गांडूळखताचे प्रकल्प गावोगावी आहेत. तिथून घ्या, पण आधी विचारा की खड्ड्यात कीटकनाशक फवारलेला पाला पडतो का. कपाशीच्या आणि केळीच्या शेतातून उकरलेली गांडुळं नकोत. तीच गोष्ट नाकतोड्यांची. सप्टेंबरात कपाशीवर नाकतोडे सहज सापडतात, पोरं डबाभर पकडूनही आणतात, पण त्या पानांवर काय काय फवारलेलं असतं हे आपल्यालाच जास्त ठाऊक आहे. घरातली झुरळंही त्याच कारणासाठी बाद.

आणलेली गांडुळं ओल्या कागदात एक दिवस ठेवली की पोटातली माती टाकून देतात. मग धुऊन घाला. खतातली एक लालसर, पट्टेदार जात डिवचली की पिवळट, उग्र वासाचा रस सोडते. काही मासे ती थुंकतात. त्यात तुमची चूक नाही, दुसऱ्या जातीची बघा.

अरोवानासाठी मीलवर्म किंवा सुपरवर्म या किड्यांच्या अळ्या घरी वाढवता येतात. प्लास्टिकचा डबा, कोंडा, गाजराचा तुकडा एवढंच लागतं. पण ते चरबीचे असतात. आठवड्यातून दोनदा, चार-पाच. अरोवाना चवीने खातो म्हणजे त्याला मानवतं असं नाही. शेवभाजीचं आपलंही तसंच आहे.

काय टाळायचं

माझ्या पहिल्या ऑस्करला मी वर्षभर कोंबडीचं काळीज घातलं. फुकट मिळायचं, मासा झडप घालायचा, झपाट्याने वाढला. लोक बघायला यायचे. दोन वर्षांचा होण्याआधी मेला. पोट उघडून पाहिलं तर यकृत पिवळट आणि हाताला तेलकट. जमिनीवरच्या प्राण्यांची चरबी माशाच्या अंगाच्या तापमानाला पातळ होत नाही, त्याला ती नीट पचत नाही आणि यकृतात साचते. कोंबडी, मटण, काळीज, सॉसेज यापैकी काहीही रोजचं खाणं होऊ शकत नाही. वर्षातून एकदा तुकडा पडला तर मासा मरणार नाही, पण सवय लावू नका.

सुकट, जवळा, सुके बोंबील मिठामुळे नकोत. पावसाळ्यात अंगणात आलेला बेडूक टाकून गंमत बघणारेही मला भेटले आहेत. भेकाच्या, म्हणजे खरखरीत कातडीच्या बेडकाच्या, कातडीत विष असतं, आणि गंमत म्हणून कोणाचाही जीव घेणं मला तरी पटत नाही.

जिवंत फीडर माशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: विकतचे नकोत. एकाच टाकीत शेकड्याने कोंबलेल्या त्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि अंगात रुतणारा अँकरवर्म घरी येतो. माझ्याकडे एकदा आला, जाता जाता दोन महिने गेले. शिकार बघायचीच असेल तर घरी वाढवलेल्या गप्पीची किंवा मोलीची पिल्लं सोडा, महिन्यातून एखाद्या वेळी.

हट्टी माशाला वळण लावणं

आता त्या मे महिन्यातल्या फोनचं उत्तर. याला तीन ते सहा आठवडे लागतात, आणि बिघडतं ते बहुतेक वेळा माशामुळे नाही, मालकाच्या दयेमुळे. चौथ्या दिवशी "बिचारा उपाशी आहे" म्हणून कोणीतरी गोल्डफिश सोडतं आणि मासा शिकतो की रुसलं की मिळतं.

पहिल्यांदा उपास. हाताएवढा, धडधाकट ऑस्कर पाच-सात दिवस न खाता सहज राहतो. बोटाएवढ्या पिल्लाला मात्र दोन दिवसांहून जास्त उपाशी ठेवू नका. आजारी किंवा खंगलेल्या माशावर हा प्रयोग करायचाच नाही, आधी त्याचं दुखणं बघायचं.

मग चिलापीची बोटभर लांब, बारीक पट्टी लांब चिमट्यात धरून पाण्यात हलवायची, जखमी मासा तडफडतो तशी. हाताने नको, ऑस्करला बोट आणि पट्टी यातला फरक कळत नाही. पहिल्या दिवशी तो नुसता बघेल. पाच मिनिटांत घेतली नाही तर काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा झडप घातली की अर्धं काम झालं. पुढचे काही दिवस पट्टी कमी हलवत जा, मग नुसती सोडून द्या.

तिसऱ्या टप्प्यात पट्टीला चीर देऊन आत एक पेलेट खोचा. तो पट्टीबरोबर गिळतो. पट्टी लहान, पेलेट जास्त असं करत न्या. शेवटी पेलेट झिंग्याच्या वितळलेल्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून एकटेच टाका. एरवी फेकून द्यायचं ते पाणी इथे कामी येतं, पण दाणे निथळून घ्या, पाणी टँकमध्ये ओतू नका. थुंकले तर रागवू नका, ऑस्कर आवडता घासही दोनदा थुंकून तिसऱ्यांदा गिळतो.

शेजारी पेलेट खाणारा दुसरा मासा असेल तर हे सगळं निम्म्या वेळात होतं. चुरशीपुढे रुसवा टिकत नाही. कॅटफिशसाठी हीच रीत, पण दिवे मालवून आणि बुडणारे दाणे घेऊन.

किती आणि कधी

पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं. वीतभर झालेल्या माशाला दिवसातून एकदा. पूर्ण वाढलेल्या ऑस्करला आठवड्यातून चार-पाच दिवस. मोठ्या रेड टेलला आठवड्यातून दोनदा भरपूर झालं. वाढलेल्या माशाला एका वेळी वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास अन्न पुरतं, म्हणजे अर्धा किलोच्या ऑस्करला पाच ग्रॅम पेलेट. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून बघा. बहुतेकांना धक्का बसतो की आपण तिप्पट घालतोय.

माझ्या ऑस्करचा आठवडा असा: सोमवार, मंगळवार, गुरुवार पेलेट, बुधवारी सालीचे झिंगे, शनिवारी चिलापी किंवा गांडुळं, जे हाताशी असेल ते, शुक्रवार आणि रविवार कोरडे. वार महत्त्वाचे नाहीत, तुमच्या बाजाराच्या दिवसाप्रमाणे बदला.

जास्त घातलेलं अन्न जातं कुठे याचा हिशोब एकदा करावा. दहा ग्रॅम पेलेटमध्ये ४५ टक्के प्रथिन धरलं तर साडेचार ग्रॅम प्रथिन. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या जवळपास. त्यातला मोठा भाग कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन पाण्यात येतो. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुधा जड आणि क्षारीय. पीएच (पाणी किती क्षारीय आहे त्याचं माप) आणि तापमान जितकं जास्त, तितका तोच अमोनिया जास्त विषारी. म्हणून ज्या घरी पाणी बदलायला नळाची वाट बघावी लागते, तिथे हात आखडूनच घाला. नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येत असेल तर झाकण असलेल्या पिंपात साठवा, आणि क्लोरिन मारणारं औषध टाकून मगच वापरा.

आखाजी आणि जानेवारी

आखाजीच्या सुमारास टँकचं पाणी ३२-३३ अंशांवर जातं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३३ अंशांना ७.२ च्या आसपास. त्यातच ऊन वाढलं की माशाला भूकही जास्त लागते आणि पचवायला प्राणवायूही जास्त लागतो. अशा दिवसांत नेहमीच्या दोन तृतीयांशच घाला, चरबीचे किडे बंद करा आणि दुपारी कधीच खाऊ घालू नका. पहाटे किंवा रात्री. लाइट जाण्याची वेळ ठरलेली असेल तर त्याआधी दोन-तीन तास काही नको. भरल्या पोटी, फिल्टर बंद असलेल्या टँकमध्ये मासा सर्वांत लवकर गुदमरतो. बॅटरीवरचा एअर पंप ही इथल्या माणसाने फिल्टरबरोबरच घ्यायची वस्तू आहे. डबाबंद फिल्टर चार-पाच तास बंद राहिला असेल तर आतलं कुजकं पाणी ओतून मगच सुरू करा.

जानेवारीत उलटं. केळीला थंडीचा चटका बसतो त्याच रात्री हीटर नसलेल्या टँकचं पाणी २० च्या खाली येतं. थंड पाण्यात पचन मंदावतं. पोटात अन्न तसंच राहून कुजतं, मासा फुगतो. हीटर लावून २६ च्या आसपास ठेवा. हीटर बंद पडला आणि पाणी २२ च्या खाली गेलं तर पाणी परत तापेपर्यंत काहीच घालू नका. मासा भुकेने नाही, अपचनाने जाईल.

रोज खाताना माशाकडे बघा, खाणं टाकून मोबाइलकडे वळू नका. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा, डोक्यावर लहान खड्डे, आत गेलेलं पोट किंवा घास घेऊन सतत थुंकणं दिसलं तर आधी पाणी बदला, मग आहारात काय एकसुरी झालंय ते तपासा. डोक्यावरच्या खड्ड्यांमागे खराब पाणी आणि जीवनसत्त्वांची कमतरता बहुतेक वेळा जोडीने असतात. पाणी बदलून आणि आहार सुधारूनही आठवड्यात फरक दिसला नाही तर मासे कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

मासा टँकला मोठा झाला तर तो तापीत किंवा हतनूरला सोडायचा नाही. परदेशी शिकारी मासा धरणात टिकला तर आपलेच मासे खाईल, आणि मासेमारीवर पोट असलेल्यांचं नुकसान होईल. मोठा टँक असलेला कोणीतरी शोधा.

राहिलं लग्नसराईचं. चार-पाच दिवस गावाला जायचं असेल तर वाढलेल्या माशाला काहीही न घालता जा, तो राहतो. त्याहून जास्त दिवस असतील आणि शेजाऱ्यांवर सोपवायचं असेल तर पाकीट त्यांच्या हातात देऊ नका. "मागत होता म्हणून घातलं" हे वाक्य मी परत आल्यावर दोनदा ऐकलंय, आणि दोन्ही वेळा टँक दुधासारखा पांढरा होता. दर तीन दिवसांची एक अशा कागदाच्या पुड्या बांधा, वर तारीख लिहा, आणि बाकीची बरणी कपाटात कुलूप लावून किल्ली सोबत न्या.